वल्या पायांचा उंबरा

धनगरवाडी, तालुका कवठे महांकाळ
आश्विन वद्य, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, १९४६

सुले,

घर बघितलंस, खोल्या बघितल्यास, दारातला माड बी बघितलास, आन् सासूला ही बातमी दगडाबाईनं पाणवठ्यावर सांगावी? दगडाबाईनं! जिला सोताचा नवरा कुटं पडलाय ते ठावं नसतंय, तिला माझ्या सुनंच्या घराचा ठाव हाय. म्हणं तिचा भाचा तुझ्या भावाच्या, नानाच्या, जकात नाक्यावर शिपाई हाय, त्यानं लिवलं. म्या कळशी रिकामीच घिऊन माघारी आली. राग झाला सांगून, आता आशीर्वाद घे. पोरीला निराळा.

भावजयीच्या बाळंतपणाला म्हणून गेलीस. ते पोर आता चालाया लागलं आसंल. तू कवा चालाया लागणार?

दगडी म्हणली, सुला म्हणती घर घ्यायचं तर समुद्राजवळच. आगं, घर घेताना मानूस जमीन बघतं, शेजार बघतं, विहीर बघतं. समुद्र काय नांगरायचा हाय? म्या समुद्र बघितलाय. आकारामचा बा हुता तवा आमचा मेंढरांचा वाडा दरसाल कोकणात उतरायचा. पयल्यांदा बघितलं तवा म्या बी हरखली, एवढं पाणी! मेंढरांनी तोंड लावलं आन् फुरफुरून माघारी सरली. तवाच कळलं. आपल्याकडं पाणी न्हाई ते न्हाईच दिसतंय. तितं डोळ्याम्होरं असून न्हाई. असला खोटेपणा मानसात असता तर त्याला दारात उभं केलं नसतं.

आन् माझा ल्योक त्याच पाण्यानं नेला. लढाईच्या वक्ताला सरकारी कागद आला, बोट बुडाली, आकाराम सापडला न्हाई. सापडला न्हाई म्हंजे मेला असं कुटं लिवलंय? मानूस हरवलं तर बारा वर्सं वाट बघायची आपल्यात रीत हाय. म्या बघणार. तवर त्याचं क्रियाकर्म न्हाई, आन् तुझं कुक्कू हाय तसं हाय. आन् तू निगालीस त्याच पाण्याच्या शेजाराला! ज्यानं घरावर दरोडा घातला त्याच्या भितीला भीत लावून कुणी ऱ्हातं व्हय?

पोरीला घिऊन ये. अक्षर वाकडं हाय ते वाच तसंच. आकारामनं पलटणीत जाताना कोळशानं भितीवर गिरवून शिकवलंय, म्हंजे त्याची पत्रं मला दुसऱ्याकडनं वाचून घ्यावी लागू नयेत. मला वाचाया आलं आन् पत्रं थांबली.

हरणाबाई


जयगडची खाडी
ता. ९ नोव्हेंबर १९४६

तीर्थरूप आत्याबाई, तुमच्या पायांवर सुलाचं डोकं.

तुम्हाला आधी कळवणार होते. पण तुम्ही नाही म्हणाल म्हणून लिहिलं नाही. आता नाही म्हणालातच, तेव्हा सगळं लिहिते.

घर दोन खोल्यांचं आहे. अंगणात एक माड, मागं आड. आडाचं पाणी गोड आहे, माझ्या मालाची शपथ. अंगणापुढं वाळू, वाळूपुढं समुद्र. भरतीला लाट कुंपणाशी येऊन जाते. घरमालकीण मुंबईला लेकाकडं निघाली आहे. तिनं सांगितलंय, राहून बघा, मानवलं तर घ्या. म्हणून नानाचं घर सोडून मी आणि माला सध्या इथं राहतो.

आत्याबाई, गावाकडं मी कुंकू लावून पाण्याला निघाले की बायका बोलायच्या थांबत. पुसलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोलायच्या थांबला असता. इथं निम्म्या घरांतले पुरुष गलबतांवर असतात. शेजारच्या खातूनबीचा नवरा असाच गेला तो आला नाही. ती अजून त्याच्या वाटणीची भाकरी थापते आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना घालते. तिला कोणी काही विचारत नाही. वाट बघणारी बाई इथं वेडी दिसत नाही.

तुम्ही म्हणता, दरोडेखोराच्या भिंतीला भिंत. पण चोरीचा माल त्याच्याच घरात आहे ना, आत्याबाई? मग मी दुसरीकडं राहून काय करू?

माला बरी आहे. ओल्या वाळूवर मुळाक्षरं काढते, लाट पुसते, ही पुन्हा काढते. बाकी विशेष काही नाही. घराचा उंबरा तेवढा रोज सकाळी ओला असतो, वाळला की पांढरा होतो. नाना म्हणतो, समुद्राची हवा आहे. तसंच असेल.

आपली,
सुला


धनगरवाडी
कार्तिक वद्य

सुले,

तुझ्या जिभंला धार माझ्याच घरात लागली, म्हणून चोरीच्या मालाचं ऐकून घेतलं. दुसरी कुणी आसती तर वहाण हाणली आसती.

आता माझं ऐक. आपण मेंढक्याची जात. आता चार पट्ट्या ज्वारी पेरतो म्हणून लगीच कुणब्यावाणी हवा, माड आन् शेजार बघून घर घ्यायचं न्हाई. वाड्याची रीत ठावी हाय न्हवं? नव्या माळावर बिऱ्हाड टाकायच्या आदी जुनी जाणती मेंढी सोडायची. ती बसली, रवंथ कराया लागली, तर तितं चूल मांडायची. उभीच ऱ्हायली तर कितीबी हिरवं दिसू दे, म्होरला माळ गाठायचा. मानसाला जमिनीवरचं दिसतंय. मेंढराला खालचं कळतंय. एकदा तुझ्या सासऱ्यानं हट्टानं मेंढी उभी आसताना चूल मांडली. सकाळी खणून बघितलं तर खाली जुनं मसणवटं.

माझ्या दिराचा धुळा परवा वाडा घिऊन कोकणात उतरतोय. त्याच्यासंगं भुरी धाडतीय. भुरी तुला ठावी हाय. आई मेलेलं कोकरू, आकारामनं शेवटच्या रजेत उराशी धरून जगवलं, तळहातावरचं मीठ चाटवून वाढवलं. ती दुसऱ्या कुणाच्या हातचं मीठ खात न्हाई. म्या दिलं तर तोंड फिरवती, सटवी.

ती तुझ्या अंगणात सोडायची. बसली आन् रवंथ केलं, तर घर तुझं, हरणा पुन्ना तोंड उघडणार न्हाई. न्हाई बसली, तर उन्हाळा सरताना धुळा माघारी फिरंल तवा पोरीला घिऊन त्याच्यासंगं निघायचं. बसली का न्हाई ते खरं लिव. खोटं लिवलंस तर धुळा सांगंलच. त्याला खोटं बोलाया डोस्कं लागतंय, ते देवानं दिलं न्हाई.

हरणाबाई


जयगडची खाडी
ता. २ फेब्रुवारी १९४७

तीर्थरूप आत्याबाईंना नमस्कार.

भुरी आली. खरं तेच लिहिते, पण कसं लिहावं कळत नाही.

धुळाभाऊजींनी तिला दुपारी अंगणात सोडलं. ती उभी राहिली. ऊन कलंडलं तरी उभीच. धुळाभाऊजी खूष. म्हणाले, "वैनी, गाठोडं बांधायला लागा. म्हातारीची मेंढी हाय, म्हातारीवाणीच हेकट." मला रडू आलं. चहा टाकायला आत वळले.

एवढ्यात भुरी उंबऱ्याजवळ गेली आणि उंबरा चाटायला लागली. मी मनाशी म्हटलं, समुद्राकाठी दगडाला मीठ धरतंच. मग तिनं मान वर केली. माणसाच्या कमरेइतकी. आणि तिथं, जिथं काही नव्हतं, तिथं चाटू लागली. डोळे मिटून, शेपूट हलवत. कोणी तळवा पुढं धरावा आणि मेंढरानं त्यातलं मीठ सगळीकडून चाटावं, तसं. आत्याबाई, मी हे पूर्वी बघितलंय. तुम्हीही बघितलंय. धुळाभाऊजींच्या हातातली काठी पडली. चहा न घेता गेले.

मग भुरी उंबऱ्याला पाठ लावून बसली आणि रवंथ करू लागली. रीतीनं घर माझं झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

आणखी एक सांगते. मी घाबरून दाराआड झाले तर माला मलाच हसली. म्हणाली, "आई, आबा तर रोज येतात." मी म्हटलं, आत का येत नाहीत मग? तर म्हणाली, "मी बोलावते. ते म्हणतात, पाय ओले आहेत, आई ओरडेल."

मी कधी ओरडले हो त्यांच्यावर? पाय ओले म्हणून तर कधीच नाही.

सुला


धनगरवाडी
माघ, पौर्णिमा झाल्यावर

सुले,

घराचं मरू दे. खरं सांग. तो जिता हाय का?

पलटणीतनं पळून आलाय आन् तू दडवलायस, व्हय? म्हणूनच समुद्राजवळचं घर लागतंय तुला, गलबतानं आला आसंल. मला सांग. म्या काय फौजदाराला सांगाया जाणार न्हाई. दगडीला बी न्हाई.

तू लिवलंस, 'आई ओरडेल.' ती आई तू न्हवंस. म्या हाय. तू लगीन हून आलीस तवा आपली विहीर आटून कोरडी ठक्क पडली हुती. आकारामचं पाय वलं झालेलं तू कवा बघितलंच न्हाईस. त्याच्या आदी, विहिरीला पाणी हुतं तवा, तो मोट हाकून यायचा, पाय चिखलानं वलं. म्या चुलीम्होरनं वरडायची, "आत्ता सारवलंय! वल्या पायानं उंबरा वलांडलास तर बघ!" मग बाबा उंबऱ्यावर उभा, पाय वाळायची वाट बघत. कवाकवा भाकरी तितंच उभ्यानं खायाचा. हे घरात दोघांनाच ठावं हाय. पोरीच्या कानावर आलंच कुटनं?

त्यो हाय. बारीक झालाय का? दाढी राखलीय का? डाव्या पायाचं बोट मोडलेलं हुतं, ते बघ.

लगीच लिव.

हरणाबाई


जयगडची खाडी
ता. ६ एप्रिल १९४७

आत्याबाई,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला घेतलं आणि टाकलं. ते जिवंत नाहीत. असते तर मी त्यांना पाठीवर घालून तुमच्याकडं आणलं असतं. मी त्यांना बघितलेलंही नाही. मला दिसतो तो ओला उंबरा, बाकी काही नाही.

होळी झाल्यावर माला बुडता बुडता वाचली.

ओहोटीची वेळ होती. मी आडावर धुणं धुत होते. परत येते तो अंगणात ना माला, ना भुरी. वाळूवर मालाची पावलं सरळ पाण्यात गेलेली. धावले. ती कमरेइतक्या पाण्यात होती, आणि तिच्यापुढं भुरी. पाण्याला लांबून बघून बिचकणारं जनावर, लाटेत आडवं उभं राहून तिला पुढं जाऊ देत नव्हतं. माला तिची लोकर ओढत होती आणि रागानं रडत होती. खातूनबी आणि मी मिळून दोघींना बाहेर ओढलं.

मी मारलं तिला. मग विचारलं, कुठं निघाली होतीस? म्हणाली, "आबा आत येत नाहीत. मग मीच जाते त्यांच्याकडं."

तेव्हापासून दाराला कडी असते. ती कडीशी बसून असते. बाहेर कोणाशी तरी हळू बोलते. मी कान लावते, मला फक्त समुद्र ऐकू येतो.

आत्याबाई, हे घर मी त्यांच्या जवळचं म्हणून बघितलं होतं. आता ते फार जवळचं झालंय. तुम्ही म्हणाल तर सोडते. पण घर सोडून हे थांबेल का? ते तिच्या मागं दुसऱ्या उंबऱ्यावर येऊन उभे राहतील. माझ्या बोलावण्यानं ते आत येत नाहीत. मी रोज बोलावते. आत या म्हणते, मालाचे आबा, पाय असू देत. येत नाहीत. ते अजून तुमचंच ऐकतात.

माझी एकच पोर आहे. काहीतरी करा.

सुला


धनगरवाडी
चैत्र वद्य

सुले,

कडी लावून ठेव. पोरीला मारू नगंस. तिची चूक न्हाई. बाप दारात उभा आसताना आपलं मेंढरू बी बांधून ऱ्हात न्हाई.

जिता न्हाई हे वाचलं. ऱ्हाऊ दे. दोन दिस जात्यावर बसली. दळाण संपलं तरी फिरवत हुती, दगडीनं येऊन खुट्टा सोडवला.

आता सांगती तसं कर. धुळा माघारी निगायच्या आदल्या दिशी तिन्हीसांजच्या आत, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उभी ऱ्हा, पोरीचा हात घट्ट धर, आन् ह्याच्या खालचं माझं बोलणं मोठ्यानं वाच. रडत वाचू नगंस. म्या बोलती तसं वाच.

"आकाराम, आई बोलतीय. गप गुमान ऐक.

बापावाणी वागाया आलास आन् पोर पाण्यात घालवतोस व्हय? लाज वाटाया पायजे. तितं उभा ऱ्हाऊ नगंस. ते घर सुलाचं हाय, भुरीनं दिलंय, तितं तुझं काय काम न्हाई. तुला आत यायचं तर आपल्या घरात ये. वल्या पायानं ये. चिखलाच्या पायानं ये. म्या सारवून ठेवती आन् तू तुडीव. म्या वरडणार न्हाई. वरडली तर ऐकू नगंस.

वाट इसरला आसशील तर भुरीच्या मागनं चाल. कुंभार्लीचा घाट चढ, कऱ्हाडात किस्ना वलांड, कुंडलच्या माळावर वाडा थांबंल तितं दम घे. पाणी पी. खारं पिऊन लय दिस झालं तुला. आपल्याकडं थोडं हाय पर गोड हाय.

पोरीचं नाव घिऊ नगंस. आजून ती ल्हान हाय. चल."

एवढंच. कागद तितंच फाड.

हरणाबाई


जयगडची खाडी
ता. १७ मे १९४७

तीर्थरूप आत्याबाईंना साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं. रडू येऊ न देता वाचलं, 'लाज वाटाया पायजे' तिथं आवाज तुमच्यासारखाच निघाला. नाना ओट्यावर होता, तो उठून उभाच राहिला. मालाचा हात माझ्या हातात होता. तो आधी ओढत होता, मग सैल पडला.

दुसऱ्या दिवशी वाडा निघाला. भुरीला धुळाभाऊजींनी दावं लावायला घेतलं, मग म्हणाले, नको, ही आपणहून चालतीय. सगळ्या कळपाच्या मागं, एकटी. चालताना बाजूला मान वर करून बघत होती. मध्येच थांबायची, चाटायची, पुन्हा चालायची. वळणापर्यंत मी बघितली.

त्या दिवसापासून उंबरा कोरडा आहे. कडी काढली. माला वाळूवर खेळते, पाण्याकडं जात नाही. मला फक्त विचारते, आबा कुठं गेले? मी सांगितलं, त्यांच्या आईकडं. तर विचारते, "मग ते माझ्यावर रागावून गेले का?"

आत्याबाई, मी आता काय करू? येऊ का गावाकडं? तुम्ही म्हणाल तसं.

सुला


धनगरवाडी
ज्येष्ठ शुद्ध

सुले,

येऊ नगंस. भुरी बसली, घर तुझं झालं. रीत म्हंजे रीत. म्या बोललेलं फिरवत न्हाई, दगडीला इचार. समुद्राजवळ ऱ्हायलीस म्हणून काय बिघडत न्हाई, शेजार कोण हाय त्यावर सगळं हाय. तुझा शेजारी आता हितं आलाय.

धुळा येऊन आठ दिस झालं. मेंढरं वाघराच्या जाळीत कोंडली, भुरी काय शिरंना. सरळ माझ्या दारात आली. म्या हाड केलं, हालली न्हाई. उंबरा चाटाया लागली. म्या म्हणली, सटवे, हितं काय समुद्र हाय का? वाकून बोट लावलं आन् जिभंवर ठेवलं.

मीठ.

आपल्याकडं मीठ बाजारातनं पुडीत येतंय, सुले. उंबऱ्याला धरत न्हाई.

सकाळी बघितलं तर सारवलेल्या जमिनीवर उंबऱ्यापासनं चुलीपतुर पावलं. वाळली तशी पांढरी झाली. डाव्या पायाचं बोट वाकडं. म्या रडली न्हाई. सगळी जमीन उकरली हुती, रडाया कुटला येळ? पुन्ना सारवलं. दुसऱ्या दिशी पुन्ना तुडवलं. काल दोन शिव्या हासडल्या. मग आठवलं म्या काय कबूल केलंय ते, आन् गप बसली. तांब्या भरून ठेवती, सकाळी रिकामा आसतोय. एवढ्या लांबनं तान्हेलाच आला आसंल.

बारा वर्सं वाट बघायची हुती ती सरली. त्याचं काय करायचं ते म्या करीन. पर घाई न्हाई. आत आलाय तर जरा बसू दे. कुक्कवाचं तुझं तुझ्या मनावर, त्यात आता माझं बोट न्हाई.

भुरी हितंच ठेवून घेतली. उंबऱ्याला पाठ लावून बसती.

आता आखरीचं, आन् हे नीट वाच. चुलीपाशी जी पावलं आसत्यात ती कोळशानं गिरवलेल्या भितीकडं तोंड करून आसत्यात. रोज. अक्षरापाशी येऊन थांबत्यात. त्याला काय पायजे ते मला कळतंय. पोरीला वाटतंय बाप रागावून गेला, आन् बापाला वाटत आसंल पोर रागावली. ह्यात मधी तू पडू नगंस, नानानं पडायचं न्हाई, म्या बी पडणार न्हाई. पोरगी वाळूवर अक्षरं काढती म्हणलीस न्हवं? मग तिला कागद दे. ह्या पत्राचं उत्तर मालानंच लिवायचं, सोताच्या हातानं, आन् वर नाव माझं न्हाई, त्याचं घालायचं.

हरणाबाई